कातकामाचे लाकूड आणि ते वाहणारी गाडी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण पुण्यात राहता, नुकताच 12 इंची लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून ते हत्याराने गोल कातण्याचे यंत्र, घेतला आहे, वाडगे आणि लहान फुलदाण्या कातण्याचा विचार आहे, महिन्यातून एक-दोनदा ओले लाकूड आणावे लागेल आणि हाताशी एक छोटी हॅचबॅक आहे. ती विकून पिकअप घ्यावी, जुनी व्हॅन घ्यावी की एखादा छोटा टेम्पो, असे आपण विचारले आहे. मी बावीस वर्षे कातकाम करीत आहे. या काळात मी हॅचबॅक, पिकअप आणि व्हॅन अशा तिन्ही गाड्यांतून लाकूड आणले आहे आणि भाड्याचे टेम्पो तर मोजलेलेच नाहीत. त्या अनुभवावरून सांगतो की निदान पहिले वर्षभर आपण कोणतीही गाडी विकू नये आणि घेऊही नये. हे उत्तर आपल्याला कदाचित रुचणार नाही, म्हणून त्यामागचा हिशेब मांडतो.

ओल्या लाकडाच्या वजनाचा अंदाज नवख्या माणसाला हमखास चुकतो. आपल्याकडच्या बहुतेक झाडांचे ताजे तोडलेले लाकूड साधारण पाण्याइतके जड असते. चिंच आणि बाभूळ त्याहून थोडे जड भरतात. पाण्याचा एक घनफूट म्हणजे सुमारे 28 किलो, तेव्हा ओल्या लाकडाच्या घनफुटालाही तोच आकडा धरावा. एक फूट जाडीचा आणि दोन फूट लांबीचा ओंडका 44 किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एका धडधाकट माणसाला तो कसाबसा उचलता येतो. त्याच लांबीचा पण दोन फूट जाडीचा ओंडका घेतला तर तो दुप्पट नव्हे, चौपट जड असतो: पावणेदोनशे किलो. जाडी नजरेला दुप्पट दिसते आणि डोके वजनही दुप्पट धरते. कंबर जाते ती इथेच.

वखारीतून माल घेणार असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोल लाकडाचे माप घेताना आपल्याकडे घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्याला लांबीने गुणण्याची पद्धत आहे. या पद्धतीने येणारे घनफूट खऱ्या आकारमानापेक्षा कमी असतात, कारण करवतीत वाया जाणारा भाग त्यात आधीच सोडून दिलेला असतो. पावतीवर 10 घनफूट लिहिलेले लाकूड प्रत्यक्षात जवळजवळ पावणेतेरा घनफूट असते. पावतीवरून वजन काढणारा 280 किलो धरतो आणि गाडीत मात्र 360 किलो चढलेले असते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून माझा पहिला माल आणला तेव्हा गाडीचे मागचे चाक मडगार्डला घासू लागले होते आणि मी टायरवाल्याला दोष देत होतो.

आता आपल्या लेथकडे वळू. 12 इंची लेथवर 12 इंचांपेक्षा जास्त व्यासाचा तुकडा फिरूच शकत नाही. म्हणजे आपल्याला लागणारा मोठ्यात मोठा तुकडा हा एक फूट रुंदीचा आणि त्याहून इंचभर लांब असा अर्धा ओंडका असतो. त्याचे ओले वजन जेमतेम 12 किलो. हॅचबॅकच्या पुस्तिकेत रिकामे वजन आणि कमाल वजन असे दोन आकडे दिलेले असतात आणि त्यांच्यातला फरक बहुतेक छोट्या गाड्यांत चारशे-साडेचारशे किलोंचा असतो. त्यातून आपण, आपला सोबती आणि हत्यारे वजा केली तरी दोनशे किलो लाकूड निर्धास्त नेता येते. दोनशे किलो म्हणजे असे सोळा तुकडे, आणि सोळा तुकडे म्हणजे सोळा वाडगे. नोकरी सांभाळून कातकाम करणाऱ्याला तेवढे संपवायला दोन महिने लागतात. आपल्याला पिकअप लागते आहे असे वाटते, ते आपण मनात अख्खे झाड डोळ्यांसमोर ठेवता म्हणून.

तेव्हा झाड जिथे पडले आहे तिथेच ते कापावे. बॅटरीवर किंवा पेट्रोलवर चालणारा चेन सॉ हा गाडीच्या किमतीपुढे क्षुल्लक खर्च आहे, आणि तो चालवायचा धीर नसेल तर झाडे तोडणाऱ्या माणसालाच चार पैसे जास्त देऊन आपल्या मापाने तुकडे करून घ्यावेत. ओंडका जेवढा जाड आहे त्यापेक्षा थोडा लांब कापावा आणि मग गाभ्यातून उभा चिरून त्याचे दोन भाग करावेत. याचे तीन फायदे एकदमच मिळतात: वजन निम्मे होते, सपाट बाजू खाली ठेवली की तुकडा गाडीत गडगडत नाही, आणि ज्या गाभ्यापासून भेगा सुरू होतात तो गाभा मोकळा झाल्याने लाकूडही तडकण्यापासून बऱ्याच अंशी वाचते. घरी नेऊन निवांत चिरू, असे म्हणणारे लोक शेवटी भेगाळलेला ओंडका पाणी तापवण्याच्या बंबात घालतात. मीही पूर्वी घातले आहेत.

गाडी निवडताना लोक हौद्याची लांबी आणि इंजिनाची ताकद पाहतात. माझ्या मते सर्वांत आधी पाहायची ती जमिनीपासून हौद्याच्या तळापर्यंतची उंची. लाकूड रस्त्यावरून गाडी नेते, पण जमिनीवरून गाडीत ते आपल्यालाच न्यावे लागते. व्हॅनचा तळ गुडघ्याच्या थोडा वर असतो, छोट्या टेम्पोचा मांडीच्या वर आणि मोठ्या पिकअपचा कमरेला किंवा तिच्याही वर. मी पिकअप घेतली त्याच वर्षी मुळशीकडच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर शिसवाचे जुने खोड मिळाले. दीड फूट जाडीचे तुकडे होते. एकेक तुकडा पोटाशी धरून कमरेपर्यंत उचलायचा, हौद्याच्या कडेवर टेकवायचा आणि मग आत लोटायचा, असे नऊ तुकडे चढवले. दहाव्याला कडेवर टेकवण्याआधीच पाठीत काहीतरी सरकल्याचे जाणवले. पुढचे तीन आठवडे लेथ बंद होता आणि शिसव अंगणात तडकत होते. त्यानंतर वर्षभरात मी ती पिकअप विकली.

जड तुकडा चढवणे अटळच असेल तर तो उचलू नये, वर लोळवावा. आठ फुटी दोन जाड फळ्या हौद्याच्या कडेला टेकवून उतरण करावी. एका दोरखंडाचे एक टोक हौद्यातल्या कडीला बांधावे, दोर फळ्यांवरून खाली सोडून ओंडक्याखालून घ्यावा, वळसा देऊन वर आणावा आणि दुसरे टोक हौद्यात उभे राहून ओढावे. ओंडका आपोआप फळ्यांवरून गडगडत वर येतो. हौदा अडीच फूट उंच असेल तर शंभर किलोच्या ओंडक्याला या पद्धतीने पंधरा-वीस किलोंचाच ओढा लागतो, कारण उतरण भार तिपटीने कमी करते आणि दोराचा वळसा तो पुन्हा निम्मा करतो. ओंडका वर चढत असताना त्याच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहता कामा नये, एवढे एकच पथ्य. पूर्वी बैलगाडीत लाकूड चढवणारे लोक हेच करीत आणि त्यांच्या पाठी शाबूत राहत.

वर्षभरानंतर आपला हात बसला, लाकूड हॅचबॅकच्या मापाबाहेर जाऊ लागले आणि गाडी घ्यावीच असे ठरले, तर माझा कौल व्हॅनला आहे. ओम्नी 2019 पासून बनत नाही, त्यामुळे जुनी ओम्नी किंवा नवी-जुनी ईको हे दोनच व्यवहार्य पर्याय राहतात. तळ खाली आहे, बाजूचे दार सरकते असल्यामुळे गल्लीतही माल काढता येतो, मागचे दार वर उघडते, आणि जोर मागच्या चाकांवर असल्याने भार भरलेली गाडी ओल्या चढावर घसरत नाही. हॅचबॅकचे उलट आहे: तिचा जोर पुढच्या चाकांवर असतो, आणि डिकीत भार टाकला की पुढची बाजू हलकी होऊन ती चाके चिखलात नुसती फिरतात. म्हणून हॅचबॅकमध्ये जड तुकडे डिकीच्या टोकाला न ठेवता मागचे आसन दुमडून पुढच्या आसनांच्या पाठीला भिडवून, अगदी तळाशी ठेवावेत.

बंद गाडीत लाकूड नेण्याचे काही त्रासही आहेत आणि ते आधी माहीत असलेले बरे. फणसाचे ओले लाकूड कापले की पिवळसर लाकडातून पांढरा चीक सुटतो आणि तो आसनाच्या कापडाला लागला तर गाडी विकेपर्यंत निघत नाही; खोबरेल तेलाने थोडा सुटतो, पण मग तेलाचा डाग राहतो. आंब्याच्या चिकाने काहींच्या हातावर फोड येतात. कोकणातून आंब्याचे तुकडे आणताना सालीच्या आड ओंबील, म्हणजे तांबड्या मुंग्या, हमखास असतात, आणि ताम्हिणी घाटाच्या वळणावर त्या मानेवर चढल्या की गाडी चालवणाऱ्याचे काय होते ते मी अनुभवले आहे. तेव्हापासून मी प्रत्येक तुकडा चढवण्याआधी जमिनीवर दोनदा आपटतो. सालीखालचे विंचूही त्यानेच बाहेर पडतात. व्हॅनच्या तळाला जाड ताडपत्री आणि तिच्यावर प्लायवुडचा एक तुकडा कायमचा टाकून ठेवावा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चालक आणि माल यांच्यामधली आडवी जाळी. गाडी एकदम थांबते तेव्हा आतले लाकूड थांबत नाही, ते त्याच वेगाने पुढे येते. कात्रजच्या उतारावर समोर आडवी आलेली दुचाकी वाचवताना मी ब्रेक दाबला आणि बाभळीचा एक बारा-तेरा किलोंचा तुकडा माझ्या आसनाच्या पाठीवर येऊन आदळला. आसनाची पाठ वाकली, माझी वाचली. त्याच आठवड्यात मी वेल्डरकडून चौकोनी नळ्यांची चौकट आणि लोखंडी जाळी बसवून घेतली. ज्यांच्याकडे जाळी नाही त्यांनी निदान तुकडे आसनाच्या उंचीच्या वर रचू नयेत आणि पट्ट्यांनी तळाच्या कड्यांना आवळून टाकावेत.

मोठे झाड मिळाले तर मात्र स्वतःच्या गाडीचा हट्ट न धरता टेम्पो भाड्याने घ्यावा. टाटा एस हा 2005 मध्ये आलेला चारचाकी टेम्पो, ज्याला सगळेच छोटा हत्ती म्हणतात, आपल्या कामाला बरोबर बसतो. त्याचा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद असतो आणि भारक्षमता पाऊण टनाच्या आसपास. आता ओल्या लाकडाचा हिशेब इथे लावून पाहा: तुकड्यांमधल्या पोकळ्या धरल्या तरी हौदा जेमतेम एक-सव्वा फूट उंचीपर्यंत भरला की पाऊण टन होतो. वरती एवढी जागा मोकळी दिसते म्हणून चालकही म्हणतो, अजून टाका साहेब. तेव्हा नाही म्हणण्याची जबाबदारी आपली. हौद्याचे जे फाळके उघडतात, त्या बाजूने फळ्या लावता येतात. मारुतीची सुपर कॅरी जवळपास याच मापाची आहे. तीनचाकी टेम्पो शहरात स्वस्त पडतो, पण गोल लाकूड भरल्यावर वळणावर तो एका बाजूला झुकतो तेव्हा जीव टांगणीला लागतो, म्हणून घाटात मी तो नेत नाही. विजेवर चालणारे टेम्पो शहरातल्या शहरात चांगले आहेत. आणि शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत, विशेषतः पावसाळ्यात, यांपैकी कशाचाही उपयोग नाही. तिथे शेतकऱ्याची ट्रॅक्टर-ट्रॉलीच लागते आणि ती बहुधा चहापाण्यावर मिळते.

पिकअपबद्दल माझे मत एव्हाना आपल्या लक्षात आले असेल, तरी तिच्यावर अन्याय नको. बोलेरो पिकअपसारखी गाडी सव्वा ते दीड टन भार वर्षानुवर्षे सहज पेलते. आपण लाकूड विकतही असाल, दोन-तीन कातारी मिळून सामाईक माल आणत असाल किंवा गावाकडे अंगण असेल, तर तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. शहरात राहून महिन्यातून दोनदा दोनशे किलो आणणाऱ्याला मात्र ती उरलेले अठ्ठावीस दिवस रिकामी चालवावी लागते, आणि मागचे पाटे भारासाठी घडवलेले असल्याने रिकामी पिकअप प्रत्येक खड्ड्यावर उडते. शिवाय सोसायटीच्या आवारात पिवळ्या पाटीची गाडी लावण्यावरून जे वाद होतात, त्यांचा हिशेब कोणत्याही माहितीपत्रकात दिलेला नसतो.

कागदपत्रांचे आता सांगतो, कारण चुकीच्या लाकडापायी गाडीच जाऊ शकते. एकूण भारासह वजन 3,000 किलोंपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, आणि 7,500 किलोंपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. भार जास्त झाला किंवा लाकूड हौद्याबाहेर मर्यादेपलीकडे आले, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपयांचा आहे. पण खरा धोका वनखात्याच्या नियमांत आहे. लाकडाच्या वाहतुकीला वाहतूक पास लागतो आणि तो नसेल तर भारतीय वन अधिनियम 1927 खाली लाकडाबरोबर वाहनही जप्त होऊ शकते. काही जातींना पासातून सूट आहे. ती यादी आपल्या भागातल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन स्वतः पाहावी, टेम्पोवाल्याच्या सांगण्यावर विसंबू नये. तोडीच्या परवानगीचा विषय याहून वेगळा आहे. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, चंदन यांच्या जोडीला आंबा, फणस, चिंच आणि जांभूळ ही घरच्या परसातली झाडेही आहेत, आणि शहरात 1975 च्या कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वादळात सोसायटीत पडलेला गुलमोहरही सोसायटीच्या पत्राशिवाय उचलू नये. मी एकदा फणसाचे सात तुकडे घेऊन कागदाविना एका नाक्यावर तीन तास उभा होतो. मालकाने लिहून दिलेली चिठ्ठी माझ्या घरी टेबलावर होती आणि ती असती तरी पुरेशी नव्हती, हे तिथल्या कर्मचाऱ्याने मला शांतपणे समजावले. चूक सर्वस्वी माझी होती.

उघड्या हौद्यातून लाकूड आणताना वाऱ्याचा विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत साठच्या वेगाने दोन-तीन तास प्रवास झाला की कापलेल्या टोकांमधून ओलावा झपाट्याने उडतो आणि घरी पोहोचेपर्यंत केसासारख्या भेगा पडू लागतात. म्हणून मी टोकांना मेण लावण्याचे काम घरी ठेवत नाही. जुन्या पातेल्यात वितळवलेले मेण सोबत नेणे जमत नसेल तर फेव्हिकॉलचा जाड थर ब्रशने जागेवरच द्यावा, त्यावर ओली गोणपाटे टाकावीत आणि वरून ताडपत्री आवळावी. नुसती ताडपत्री टाकली तर पावसाळ्यात उलट होते: आंब्याचे लाकूड आत घामेजते आणि आठवड्याभरात त्यावर निळसर काळे डाग चढतात. तेव्हा घरी आल्याबरोबर ताडपत्री काढून तुकडे सावलीत, जमिनीपासून वर, विटांवर रचावेत. जमिनीला टेकलेल्या तुकड्याला वाळवी आठ दिवसांतही शोधून काढते.

जुनी व्हॅन पाहायला जाल तेव्हा इंजिनाआधी तळ पाहावा. रबरी चटई उचलून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकावा. जिथे आवाज बद्द येतो तिथे आत गंज आहे. मग मागून, दहा पावलांवरून गाडी पाहावी. एक बाजू खाली बसलेली असेल तर मागची स्प्रिंग किंवा पाटा थकलेला आहे आणि त्या मालकाने बहुधा त्यातून सिमेंट वाहिलेले आहे. मागच्या टायरांच्या आतल्या कडा जास्त झिजल्या असतील तर किंमत कमी करून न घेता सरळ दुसरी गाडी पाहावी. जाताना सोबत चाळीस किलोंची दोन पोती वाळू न्यावी, ती मागे टाकून एक चढ चढून पाहावा, आणि खाली येताना दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून गाडी कोणत्या बाजूला ओढते तेही बघावे. विकणाऱ्याने पोती पाहूनच कपाळाला आठ्या घातल्या, तर वाळू उतरवण्याचेही कष्ट घेऊ नयेत.